वाचकांचे प्रश्न : वेल्डिंग इन्स्पेक्टर होण्याची वाट

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे : वेल्डिंग इन्स्पेक्टर कसे व्हावे. पत्रे तळोजा, पुणे, नाशिक आणि सांगली परिसरातून आली आहेत, एक पत्र सौदी अरेबियातील जुबैलहून आले आहे. आयटीआयच्या फलकावर ज्याला ‘संधाता’ म्हणतात त्या व्यवसायातून मी या क्षेत्रात आलो आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे जोड तपासण्यात गेली, त्यामुळे ही पत्रे मी दोनदोनदा वाचली. जागेअभावी प्रश्न संक्षिप्त केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : दहावीनंतर आयटीआय करून मी वेल्डर झालो. सहा वर्षांपासून तळोज्याच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली पाइपचे काम करतो. ६जी चाचणी उत्तीर्ण आहे. इंग्रजी बेताचे आहे. इन्स्पेक्टर फक्त डिप्लोमा-डिग्रीवालेच होतात, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : हे खरे नाही, आणि असे सांगून आपल्यासारख्या अनेकांना उगीच मागे ठेवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ६जी म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधलेला, फिरवता न येणारा पाइप. त्याच्याभोवती स्वतः फिरून, कधी डोक्यावर तर कधी गुडघ्यापाशी हात नेऊन ज्याने रूट, म्हणजे जोडाचा सर्वांत आतला पहिला थर, घातला आहे, त्याला त्या जोडात कोणत्या जागी काय बिघडू शकते हे आतून ठाऊक असते. पाइपच्या तळाशी, सहाच्या काट्यापाशी, रूट आत का ओढला जातो, टॅकचे, म्हणजे तात्पुरत्या छोट्या जोडाचे, टोक ग्राइंडरने उतरते केले नाही तर तिथे धातू का मिसळत नाही, वारा सुटला की टिगच्या, म्हणजे वायूच्या आवरणात केलेल्या, जोडात छिद्रे का पडतात, या गोष्टी पुस्तकातून शिकणाऱ्याला कळायला काही वर्षे लागतात. आपल्याकडे ही शिदोरी आधीच आहे.

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या सीडब्ल्यूआय (सर्टिफाइड वेल्डिंग इन्स्पेक्टर) या प्रमाणपत्रासाठी शिक्षण आणि अनुभव यांचा एकत्रित विचार होतो. बारावीच्या तोडीचे शिक्षण असल्यास वेल्डिंगशी संबंधित पाच वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षण कमी असेल तर अनुभवाची वर्षे वाढतात, आणि आठवीपर्यंतच शिकलेल्यालाही नऊ वर्षांच्या अनुभवावर परीक्षेला बसता येते. म्हणजे दार कोणालाच बंद नाही. तरीही शक्य असेल तर बाहेरून बारावी पूर्ण करावी, असे मी सुचवीन, कारण प्रमाणपत्र मिळाल्यावरही नोकरीच्या जाहिरातीत शिक्षणाची अट पुन्हा आडवी येते.

आपली खरी अडचण वेगळी आहे. आपण कंत्राटदाराकडे आहात आणि कंत्राटदार बदलत राहतात. अर्जासोबत अनुभव सिद्ध करावा लागतो, तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या कंत्राटदाराचा फोन लागत नाही, अशी परिस्थिती मी अनेकांची पाहिली आहे. म्हणून आजपासूनच एक फाइल करावी. आपण दिलेल्या प्रत्येक वेल्डर चाचणीच्या अहवालाची, म्हणजे डब्ल्यूपीक्यूची, प्रत क्यूसी, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण, विभागाकडून मागून घ्यावी. गेट पास, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक जपून ठेवावे, आणि काम सोडताना अनुभवपत्रात ‘वेल्डर’ एवढाच शब्द न लिहिता कोणत्या धातूवर, कोणत्या पद्धतीने, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या कोडप्रमाणे, म्हणजे वेल्डिंगच्या लेखी नियमावलीप्रमाणे, काम केले, ते लिहून मागावे. ही कागदपत्रे मागताना संकोच वाटू देऊ नये; ती आपल्या कष्टाची नोंद आहे.

आता इंग्रजीविषयी. परीक्षा इंग्रजीत असते, हे टाळता येणार नाही. पण कोडचे इंग्रजी हे वर्तमानपत्राच्या किंवा कादंबरीच्या इंग्रजीपेक्षा बरेच सोपे असते, कारण तेच तीन-चारशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांतही दोन शब्दांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे : ‘शॅल’ आणि ‘शूड’. कोडमध्ये ‘शॅल’ आले की ती गोष्ट बंधनकारक असते, ‘शूड’ आले की ती शिफारस असते. परीक्षेतले कितीतरी प्रश्न, आणि पुढे साइटवरचे कितीतरी वाद, या एका फरकावर सुटतात. एक वही करून रोज कोडमधली पाच वाक्ये लिहून काढावी आणि शेजारी मराठीत अर्थ लिहावा. दहा महिन्यांत ती वही भरली, तर इंग्रजीची भीती बरीचशी ओसरलेली असेल.

प्रश्न : मला जवळचा चष्मा आहे आणि लाल-हिरव्या रंगांत थोडा गोंधळ होतो. याचा अडथळा येईल का?

उत्तर : चष्म्याचा नाही. सीडब्ल्यूआयसाठी निदान तीस सेंटिमीटर अंतरावरून जेगर तक्त्यातील जे२ आकाराची अक्षरे वाचता आली पाहिजेत, मग ती चष्म्याने वाचली तरी चालतात. रंगांची तपासणीही होते. डाय पेनिट्रंट चाचणीत पांढऱ्या डेव्हलपरवर उमटणारी लाल रेघ हेच भेगेचे एकमेव चिन्ह असते, त्यामुळे या गोंधळाकडे दुर्लक्ष करू नये. कोर्सचे शुल्क भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून लेखी अहवाल घ्यावा.

प्रश्न : मी नाशिकची असून यंदा मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण केला. एका संस्थेने ‘पंधरा दिवसांत पाच पद्धतींचे एनडीटी लेव्हल टू आणि वेल्डिंग इन्स्पेक्टर, नोकरीची हमी’ अशी जाहिरात दिली आहे. वडील कर्ज काढायला तयार आहेत. मी प्रवेश घ्यावा का? या क्षेत्रात मुलींना संधी आहे का?

उत्तर : वडिलांना कर्ज काढू देऊ नये. माझे हे उत्तर स्पष्ट आहे, आणि त्यामागची कारणे आपण दोघांनी नीट समजून घ्यावी.

एनडीटी म्हणजे जोड न तोडता केलेली तपासणी. आपल्याकडे बहुतेक संस्था जी प्रमाणपत्रे देतात ती अमेरिकन सोसायटी फॉर नॉनडिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग या संस्थेच्या एसएनटी-टीसी-१ए या दस्तऐवजाचा हवाला देऊन दिलेली असतात. या दस्तऐवजाची मूळ कल्पना अशी आहे की, प्रमाणित करणारा हा मालक असतो. कंपनी आपली लेखी कार्यपद्धती ठरवते, त्या पद्धतीप्रमाणे कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण, अनुभवाचे तास आणि परीक्षा यांची नोंद ठेवते आणि मगच त्याला लेव्हल वन किंवा लेव्हल टू म्हणून मान्यता देते. ती नोकरी सोडली की ते प्रमाणपत्रही संपते. म्हणजे अनुभवाचा एकही तास नसताना पंधरा दिवसांत मिळालेले लेव्हल टू हे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला असू शकते, परंतु पात्रता म्हणून जाणत्या कंपनीत त्याचे वजन फार कमी असते. मालकावर अवलंबून नसलेली प्रमाणपत्रे हवी असतील तर आयएसओ ९७१२ किंवा भारतीय मानक आयएस १३८०५ यांच्या चौकटीतली पाहावी, आणि तीही अनुभव मागतातच.

त्या पाच पद्धतींत रेडिओग्राफी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इरिडियम-१९२ सारखा किरणोत्सारी स्रोत हाताळण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे वेगळे प्रशिक्षण लागते, कामावर असताना छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावावा लागतो आणि त्या बॅजवर पडलेल्या मात्रेची नोंद राहते. खासगी संस्थेच्या वर्गात जुन्या फिल्म दाखवून झालेल्या शिक्षणाने तो अधिकार मिळत नाही.

मग काय करावे? अप्रेंटिसशिप कायद्याखाली डिप्लोमाधारकांना एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी मिळते. ती प्रेशर व्हेसल (दाब सहन करणाऱ्या टाक्या), हीट एक्स्चेंजर किंवा जड फॅब्रिकेशन करणाऱ्या कारखान्यात, शक्यतो क्यूसी विभागात, मिळवण्यासाठी धडपडावे. विद्यावेतन कमी असते, पण त्या वर्षात प्लेट आल्यापासून व्हेसल ट्रकवर चढेपर्यंतची सगळी साखळी डोळ्यांखालून जाते : प्लेटवरचा हीट नंबर, म्हणजे ती ज्या ओतकामातून आली त्याचा क्रमांक, पोलाद गिरणीच्या चाचणी प्रमाणपत्राशी ताडून पाहणे, प्लेट कापताना तो नंबर दुसऱ्या तुकड्यावर उतरवणे, फिटपमधली, म्हणजे वेल्डिंगआधी जुळवून ठेवलेल्या तुकड्यांमधली, फट आणि उंचसखलपणा मोजणे, वेल्डरला त्या कामाची मान्यता आहे की नाही हे पाहणे, आणि शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी. हीट नंबर न उतरवता कापलेला तुकडा हा बेवारस तुकडा असतो आणि तो कितीही चांगला असला तरी वापरता येत नाही, हे एकदा प्रत्यक्ष पाहिले की आयुष्यभर विसरत नाही.

मुलींविषयी विचारलेत, त्याचे उत्तर हो असे आहे. शॉपमधल्या तपासणीत आणि कागदपत्रांच्या कामात आज अनेक जणी आहेत; साइटवर अजून कमी आहेत. व्हेसलच्या मॅनहोलमधून आत उतरणे आणि मचाणावर चढणे हे कामाचा भाग आहे आणि ते आपल्याला करू न दिल्यास आपण आग्रह धरावा, कारण आतून न पाहिलेल्या जोडावर सही करता येत नाही. साइटवर स्वच्छतागृह आणि रात्रपाळीनंतरची वाहनव्यवस्था आहे का, हे मात्र रुजू होण्यापूर्वीच विचारावे. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : सीडब्ल्यूआय करावे की सीएसडब्ल्यूआयपी? दोन्हींचे शुल्क मोठे आहे, एकच परवडेल.

उत्तर : आपल्याला ज्या उद्योगात काम करायचे आहे तिथे कोणते कोड चालते, यावर हे ठरते. सीडब्ल्यूआय अमेरिकन आहे. सीएसडब्ल्यूआयपी ही ब्रिटनमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूटशी जोडलेली योजना आहे आणि तिच्यातील ३.१ हा टप्पा वेल्डिंग इन्स्पेक्टरचा आहे. पुणे-चाकणकडे अमेरिकेला निर्यात होणारी पोलादी बांधणी किंवा यंत्रांचे सांगाडे यांचे काम असेल तर सीडब्ल्यूआयची विचारणा जास्त होते. समुद्रातील तेलफलाट, पाइपलाइन आणि आखाती देशांतील प्रकल्प यांत सीएसडब्ल्यूआयपीलाही मोठा मान आहे, आणि बऱ्याच ठिकाणी दोहोंपैकी एक चालते.

परीक्षांचा स्वभावही वेगळा आहे. सीडब्ल्यूआयचे तीन भाग असतात : मूलतत्त्वे, प्रत्यक्ष तपासणी, आणि पुस्तक उघडून कोडमधून उत्तर शोधण्याचा भाग. प्रत्येकात निदान ७२ टक्के लागतात. सीएसडब्ल्यूआयपी ३.१ मध्ये लेखी परीक्षेबरोबर प्लेट, पाइप आणि जोडाचे कापून घासलेले नमुने तपासून अहवाल लिहावा लागतो आणि ७० टक्क्यांची अट असते. माझ्या मते ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला आहे त्याला सीएसडब्ल्यूआयपी अधिक जवळचे वाटते, आणि ज्याला कोड चाळून झटपट कलम शोधता येते त्याला सीडब्ल्यूआय. अनुभव कमी पडत असेल तर सीएसडब्ल्यूआयपीत ३.० हा दृश्यतपासणीचा टप्पा आहे आणि अमेरिकन योजनेत सहायक निरीक्षकाचा. दोन्हींचा उपयोग पायरी म्हणून करता येतो.

ही प्रमाणपत्रे जन्मभराची नसतात, हे शुल्काचा हिशेब करताना धरावे. सीडब्ल्यूआय दर तीन वर्षांनी आणि सीएसडब्ल्यूआयपी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावे लागते. परदेशी प्रमाणपत्राखेरीज इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगच्या चौकटीतील निरीक्षकाची पात्रताही आहे. ती योजना भारतात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगमार्फत चालते. तिरुचिरापल्लीला भेलच्या आवारात असलेल्या वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमधील अभ्यासक्रमांची चौकशीही अवश्य करावी. शिकण्याच्या दृष्टीने ती जागा फार चांगली आहे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात आहे. इथे मोठे फॅब्रिकेशन नाही. नोकरी न सोडता इन्स्पेक्टरच्या परीक्षेची तयारी कशी करावी?

उत्तर : आपण जिथे आहात तिथे शिकण्यासारखे किती आहे, याची कदाचित आपल्याला कल्पना नसावी. गाळप हंगाम संपला की कारखान्याचा बॉयलर उघडतो, झिजलेल्या नळ्या कापल्या जातात आणि नव्या जोडल्या जातात. हे काम भारतीय बॉयलर नियमावलीखाली येते. ते करणाऱ्या वेल्डरकडे बाष्पके संचालनालयाची मान्यता असावी लागते आणि दुरुस्तीनंतर शासनाचा निरीक्षक दाबचाचणी पाहायला येतो. वरिष्ठांची परवानगी घेऊन त्या दिवसांत बॉयलरपाशी राहावे आणि पुढील सवयी लावून घ्याव्या.

पहिली सवय डोळ्यांची. जोड आधी वायर ब्रशने स्वच्छ करून घ्यावा, कारण स्लॅगच्या, म्हणजे जोडावर साचलेल्या मळीच्या, पापुद्र्याखाली काहीही लपू शकते. मग टॉर्च जोडावर सरळ न मारता अगदी आडवी धरावी, जवळजवळ प्लेटला टेकवून. समोरून मारलेल्या उजेडात सगळे सपाट आणि छान दिसते. आडव्या उजेडात मात्र जोडाच्या कडेला खणल्यासारखा चर असेल तर त्यात सावली पडते, आणि तोच अंडरकट. ती सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, तिथे खडूने खूण करावी आणि मगच गेज लावावे. एएसएमई या अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या कोडच्या पाचव्या विभागात थेट दृश्यतपासणीसाठी डोळा ६०० मिलिमीटरच्या आत, पृष्ठभागाशी ३० अंशांपेक्षा कमी नसलेल्या कोनात आणि सुमारे १००० लक्स उजेडात असावा, असे म्हटले आहे. मचाणाच्या खालून मान वर करून ‘ठीक दिसतंय’ म्हणणे ही तपासणी होत नाही.

दुसरी सवय मोजून बोलण्याची. वेल्डिंग चालू असताना टाँग टेस्टरने, म्हणजे केबलभोवती धरायच्या चिमट्याच्या मीटरने, करंट पाहावा, व्होल्टेज लिहावा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती मिलिमीटर जोड पुढे गेला ते मोजावे. व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला किती मिलिमीटर आणि पुन्हा भागिले १०००, एवढे केले की दर मिलिमीटरला किती किलोज्यूल उष्णता गेली ते कळते. २४ व्होल्ट, १२० अँपिअर आणि मिनिटाला १५० मिलिमीटर वेग असेल तर उत्तर १.१५ येते. त्याच वेल्डरने वेग १०० वर आणला तर तेच १.७३ होते. मशिनच्या एकाही बटणाला हात न लावता केवळ हात हळू फिरल्याने दीडपट उष्णता गेली, आणि काही पोलादांत एवढ्याने जोडाशेजारच्या पट्ट्याचा चिवटपणा कमी होतो. परीक्षेत हे गणित येतेच, पण स्वतःच्या घड्याळाने काढलेले उत्तर मनात पक्के बसते.

तिसरी सवय रॉडकडे पाहण्याची. ई७०१८ हा रॉड आपल्याकडेही वापरात असेल. त्यातले ७० म्हणजे दर चौरस इंचाला ७०,००० पौंडांची ताणशक्ती, १ म्हणजे सर्व स्थितींत चालणारा, आणि ८ हा आकडा कमी हायड्रोजनचे आवरण दाखवतो. हे आवरण हवेतली ओल शोषते, ओलीतून हायड्रोजन जोडात जातो आणि कडक झालेल्या पोलादाला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून भेग पडते. म्हणून अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या (एडब्ल्यूएस) डी१.१ या पोलादी बांधणीच्या कोडप्रमाणे डबा उघडल्यावर हे रॉड निदान १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवावे लागतात आणि बाहेर काढल्यावर चार तासांच्या आत वापरावे लागतात.

कोकणातल्या एका यार्डात जुलै महिन्यात मी गेलो होतो, तो प्रसंग इथे सांगतो. वेल्डरच्या शेजारी छोटा पोर्टेबल ओव्हन होता, झाकण बंद होते, आत रॉड होते, नोंदवहीत तापमान लिहिलेले होते. मी सहज झाकणावर तळहात ठेवला तर ते गार. वायरच्या मागे मागे गेलो तेव्हा दिसले की ओव्हनची पिन काढून त्या जागी ग्राइंडरची पिन लावलेली आहे, कारण बोर्डावर एकच सॉकेट चालू होते. कोणाचा हेतू वाईट नव्हता. हेल्परला वाटले की झाकण बंद आहे म्हणजे काम झाले. त्या सकाळचे सगळे जोड आम्ही थांबवून ठेवले आणि अठ्ठेचाळीस तासांनंतर पुन्हा तपासले. तेव्हापासून मी नोंदवही नंतर पाहतो, आधी ओव्हनला हात लावतो. आपणही तसेच करावे.

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, सध्या जुबैलमध्ये त्रयस्थ तपासणी संस्थेकडून वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. दोन वर्षे झाली. कंत्राटदाराची माणसे फिटप आणि रूट न दाखवता पुढचे पास (थर) घालतात, कधी जोडावर प्राइमरही मारलेला असतो, आणि मग सहीसाठी मागे लागतात. माझे वरिष्ठ म्हणतात, ‘लहानसहान जोडांसाठी अडवू नका.’ नोकरी जाण्याची भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझी दुसऱ्या वर्षातली एक सही आठवली. पाळी बदलायची वेळ होती, पाऊस होता, आणि अकरा जोडांचे रूट ‘झालेत साहेब, सगळे चांगले आहेत’ या शब्दावर मी न पाहता मंजूर केले. नंतर रेडिओग्राफीच्या फिल्मवर त्यांपैकी चार जोडांत मधोमध सरळ काळी रेघ दिसली. धातू मुळापर्यंत पोहोचलाच नव्हता. ते जोड कापून पुन्हा घालताना रात्रभर भिजलेले वेल्डर माझ्याकडे काही न बोलता पाहत होते. आपण आज ज्या जागी उभे आहात ती जागा मला ठाऊक आहे, म्हणून पुढचे लिहितो.

‘लहानसहान जोड’ या शब्दांविषयी आधी. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर किएलँड हा कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा तरंगता फलाट वादळात उलटला. त्यावर २१२ माणसे होती, त्यांपैकी १२३ मरण पावली. चौकशीत असे दिसले की एका मोठ्या नळीदार आधाराला पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या एका उपकरणासाठी धारक जोडलेला होता आणि त्याचा फिलेट (कोपऱ्यातला) जोड फक्त ६ मिलिमीटरचा होता. त्या धारकाने कोणताच भार उचलायचा नव्हता, म्हणून त्याच्या जोडाकडे भार उचलणाऱ्या जोडासारखे कोणी पाहिले नाही. तिथून निघालेली भेग लाटांच्या माराने आधारभर फिरली, तो तुटला, त्याच्यामागे शेजारचे पाच आधार गेले आणि फलाटाचा एक पाय निखळला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, भेगेच्या काही भागात रंग सापडला. म्हणजे रंग मारला तेव्हाच भेग तिथे होती. आपण प्राइमर मारलेल्या जोडाविषयी लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो : प्राइमर मारलेला जोड स्वच्छ करून घेतल्याशिवाय त्याची दृश्यतपासणी झाली असे मानू नये.

आता हाताशी असलेली साधने. आपल्या प्रकल्पाचा तपासणी आराखडा, म्हणजे आयटीपी, काढून त्यात फिटप आणि रूटसमोर काय लिहिले आहे ते पाहावे. होल्ड पॉइंट असेल तर आपण पाहिल्याशिवाय काम पुढे नेण्याचा अधिकार कोणालाच नाही. विटनेस पॉइंट असेल तर त्यांनी आपल्याला वेळेत लेखी कळवले होते का, हा प्रश्न येतो. कळवले असेल आणि आपण गेला नसाल तर ते पुढे जाऊ शकतात. हा फरक माहीत नसल्यामुळे तरुण निरीक्षक कधी हक्काच्या ठिकाणी गप्प बसतात आणि कधी हक्क नसताना भांडतात.

जे पाहिले नाही त्यावर ‘पाहिले’ अशी सही करू नये. त्याऐवजी अहवालात जोडाचा क्रमांक, तारीख आणि वेळ घालून ‘रूट दाखवला नाही, तपासणीच्या वेळी पुढचे पास पूर्ण झालेले होते’ एवढेच कोरडे वाक्य लिहावे आणि त्याची प्रत आपल्या कार्यालयाला पाठवावी. रागाचे शब्द, कोणाचे नाव, हेतूविषयी तर्क यांपैकी काहीही नको. असे दुसऱ्यांदा घडले तर त्रुटी अहवाल, म्हणजे एनसीआर, काढावा आणि त्या जोडांची वाढीव अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी तपासणी सुचवावी. वरिष्ठांनी तोंडी ‘सोडून द्या’ म्हटले तर त्यांना नम्रपणे तोच मजकूर ईमेलने लिहावा आणि त्यांचा निर्णय लेखी मागावा. माझा अनुभव असा आहे की, लेखी मागितल्यावर तोंडी सल्ले बहुतेक वेळा मागे घेतले जातात. तरीही नोकरीवर गदा येण्याची शक्यता शून्य आहे, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. तसे झालेच तर आपल्या अहवालांच्या प्रती आणि स्वच्छ असलेली सही आपल्याबरोबर राहते, आणि या क्षेत्रात पुढची नोकरी देणारे लोक एकमेकांना ओळखतात.

याची एक दुसरी बाजूही आहे आणि ती आपण मोकळेपणाने तपासावी. फिटप कधी तयार असतो? उन्हाळ्यात तिथे काम पहाटे सुरू होते आणि इन्स्पेक्टर अनेकदा आठला येतो. तोवर वेल्डर टॅक मारून दोन तास बसून राहील, ही अपेक्षा न्याय्य नाही, कारण त्याचा रोज किंवा जोडाचा दर त्यावर ठरतो. मी यार्डात ज्या दिवशी पहिल्या टॅकच्या आधी पोहोचू लागलो, त्या महिन्यात माझ्याकडे न दाखवलेल्या रूटची तक्रार उरली नाही. फोरमनशी बसून आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या जोडांची यादी घ्यावी, ज्या जोडांचा होल्ड पॉइंट आहे त्यांवर त्याच्यासमोर खूण करावी, आणि ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी टॉर्च, आरसा आणि उंचसखलपणा मोजणारे हाय-लो गेज घेऊन तिथे उभे राहावे. पहिल्या आठवड्यात ही यादी आपल्यालाच मागावी लागेल; पुढे फोरमन ती स्वतः आणून देऊ लागतो.